भडंग, ताक आणि ११० पत्ते: खेळाच्या रात्रीची खाण्यापिण्याची तयारी

आमच्या घरी तिकीट टू राइड या पटावरच्या खेळाचा डबा आहे. त्यात आगगाडीचे ११० पत्ते असतात: आठ रंगांचे प्रत्येकी १२ आणि इंजिनाचे १४. त्या १४ इंजिनांपैकी एकाच्या पाठीला गुलाबी कडा आहे. जुलैतला शनिवार होता. बाहेर आपला नेहमीचा बेळगावी पाऊस, आत टेबलाभोवती सहाजण, आणि मी मोठ्या हौसेनं काचेच्या उंच ग्लासांतून कोकम सरबत दिलेलं. कुणाचं तरी कोपर लागलं. पत्ता लगेच पुसला, वाळवला, फाटला-बिटला काही नाही. पण तेव्हापासून तो पालथा पडलेला असला तरी सगळ्यांना कळतं, हे इंजिन आहे. आता आम्ही तो पत्ता बाजूला काढून १३ इंजिनांवर खेळतो.

त्या रात्रीनंतर मी खाण्याचा बेत उलट्या बाजूनं करायला लागलो. आधी काय चविष्ट लागेल हे बघत नाही, खेळणाऱ्याचे हात काय करत असतील ते बघतो. चव त्यानंतर. आणि चवीत काही उणं पडत नाही, कारण आपल्या भागात कोरडं, कुरकुरीत, चमच्यानं खाता येईल असं इतकं आहे की पाव्हणे वाट बघतात.

आमंत्रण देतानाच विचारून घ्या

"शनिवारी या की खेळायला" एवढ्यावर फोन ठेवू नका. उपास कुणाला आहे, कांदा-लसूण कोण खात नाही, शेंगदाणे किंवा काजू कुणाला चालत नाहीत, आणि साखर कुणाला जपायची आहे, एवढं विचारा.

आमच्याकडे या चारही प्रश्नांना दर वेळी कुणीतरी हात वर करतं. शनिवार म्हटला की मारुतीचा उपास धरणारा एक असतोच. निपाणी-चिकोडीकडचे जैन मित्र येतात, त्यांतल्या दोघांना सूर्यास्तानंतर खायचं नसतं, आणि चातुर्मासात तर घरचे सगळेच ते पाळतात. आपल्याकडे जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणून पावसाळ्यात मी साडेपाचला बोलावतो आणि पहिलं खाणं साडेसहाच्या आत देतो. हिवाळ्यात पाचलाच. आठला जेवणाची सुटी ठरवून दोन मित्रांना नुसतं बघत बसायला लावणं बरं दिसत नाही. त्यांच्यासाठी लसणाऐवजी हिंगाचं भडंग आणि आल्याशिवायचं ताक वेगळं काढून ठेवायचं. वेगळं म्हणजे आधीच, स्वच्छ कढईत. शेवटी लसूण वेचून देणं नव्हे.

उपासवाल्यांची सोय तर सोपीच. बेळगावच्या पश्चिमेकडच्या लाल मातीतली रताळी बाजारात असतातच. उकडून, चौकोनी तुकडे करून, चमचाभर तुपात जिरं-मीठ घालून परतली की टूथपिकनं उचलून खाता येतात. जोडीला शेंगदाणा-गुळाचे सुपारीएवढे लाडू. साबुदाणा वडा मात्र मी खेळताना ठेवत नाही. एक वडा म्हणजे पाच बोटं तेलात.

कुठला खेळ, तसं खाणं

कॅटनमध्ये पत्ते सारखे हातात असतात, वर गहू, मेंढ्या अशा पत्त्यांची देवाणघेवाण चाललेली. एका हाताचं बोट तेलकट झालं की पाच मिनिटांत ते तेल सगळ्यांच्या हातावर पोहोचतं. इथे फक्त काजू, कोरडे लाडू किंवा चमच्यानं खायचं भडंग. स्क्रॅबलमध्ये उलट. तिथे माणूस आपल्या सात सोंगट्यांकडे बघत विचार करत बसतो, पाळी यायला वेळ लागतो, आणि सगळ्यात जास्त खाणं याच खेळात संपतं. दीडपट करून ठेवा. सोंगट्या पुसता येतात, पण पटावर शेव सांडली तर १५ बाय १५ चौकटीतून वेचत बसावं लागतं.

कोडनेम्ससारख्या शब्दांच्या खेळात हाताला जवळजवळ काम नसतं, तोंड मात्र चालू असतं. गरम काही द्यायचंच असेल तर याच खेळात. स्प्लेंडर या खेळातल्या चकत्या प्लास्टिकच्या, साबणानं धुता येतात; त्याचे पत्ते मात्र नाहीत. घरच्या मेंढीकोटाला किंवा बदाम सातला प्लास्टिकचे पत्ते वापरले तर फार चिंता नको.

कॅरमबद्दल दोन शब्द जास्त. बोर्डावर टाकतात ती पावडर बऱ्याचदा बोरिक ॲसिडची असते आणि ती पोटात जायला नको. कॅरम चालू असेल तर खाणं त्या टेबलाच्या आसपासही नको, आणि खायला उठताना हात धुवायचे, नुसते झटकायचे नाहीत. लहान मुलं असतील तर पावडरीचा डबा वरच्या फळीवर. लहानांचंच बोलतोय तर, पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.

पेला पटाच्या खाली

या सगळ्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाणी, चहा, ताक, काहीही असो, पेला खेळाच्या टेबलावर ठेवायचा नाही. प्रत्येक दोघांमागे एक स्टूल किंवा ओल्या नारळाच्या खोक्याएवढी काहीतरी उंची, टेबलापेक्षा वीतभर खाली. पेला कलंडला तर जमिनीवर सांडेल, पटावर येणार नाही. आमच्याकडे स्टुलं पुरत नाहीत, तेव्हा आईचे दोन जुने पाट एकावर एक ठेवतो.

काचेचे उंच ग्लास कपाटातच राहू देत. बसक्या बुडाचे स्टीलचे पेले घ्या आणि पाऊण भरा. चहा-कॉफीला सगळ्यात उत्तम म्हणजे उडुपी हॉटेलात देतात तशी पेला-वाटी. हिंदकळलं तरी वाटीत पडतं, आणि निवत घालायची सोय वेगळी.

हात पुसायला प्रत्येकाला दोन फडकी, एक ओलसर आणि एक कोरडं. कागदी रुमाल चालतात, पण पावसाळ्यात ते मऊ होऊन बोटांना चिकटतात. जुने सुती पंचे कापून केलेल्या चौकोनांइतकं काही कामाचं नाही.

भडंग, पण खेळासाठीचं

आता मुख्य माल. सहा जणांना चार तासांसाठी अर्धा किलो चिरमुरे आणा. त्यातले २५० ग्रॅम भडंगाला लागतील आणि दीडशे ग्रॅम सुटीतल्या गिरमिटाला, म्हणजे ओल्या मसाल्यात कालवलेल्या चिरमुऱ्यांना. उरलेले कुणीतरी येता-जाता मूठमूठ खातंच.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चिरमुरे घरी आणेपर्यंत सादळलेले असतात. म्हणून आधी मोठ्या कढईत, मंद आचेवर, तेल न घालता सात-आठ मिनिटं हलवत भाजायचे. एक दाणा बोटांत दाबून बघा. दबला तर अजून भाजा, कडकन तुटला तर उतरवा आणि परातीत पसरा.

रिकाम्या कढईत पाच मोठे चमचे तेल. भडंगाच्या दुकानात याहून बरंच जास्त घालतात आणि चव त्यातच असते, हे मान्य. पण आपल्याला पत्ते सांभाळायचे आहेत. तेल तापलं की वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर तळून काढा. त्याच तेलात सालासकट ठेचलेल्या १५ लसूण पाकळ्या सोनेरी होऊ द्या, मग मूठभर कढीलिंब. पानं धुतली असतील तर पुसून घाला, नाहीतर तेल अंगावर येईल. आता गॅस बंद. हे महत्त्वाचं आहे. गॅस बंद करून मगच अर्धा चमचा हळद, चमचाभर जिरेपूड आणि तिखट घालायचं, म्हणजे तिखट जळत नाही. मी एक चमचा संकेश्वरी आणि एक चमचा ब्याडगी घेतो. संकेश्वरी झणझणीत आहे, ब्याडगी रंग देते. दोन्ही चमचे संकेश्वरीचे घातलेत तर पहिल्या तासात पाण्याचा तांब्या रिकामा होतो.

तिखट तेलातच फुलवायचं आणि वरून भुरभुरायचं नाही, याला कारण आहे. तेलात फुललेलं तिखट चिरमुऱ्याला धरून बसतं. वरून टाकलेलं बोटांवर येतं, बोटांवरून डोळ्यात जातं, आणि मग खेळ दहा मिनिटं थांबतो. मीठ मात्र याच वेळी तेलात टाका, नीट मिसळतं.

चिरमुरे आणि शेंगदाणे घालून, पुन्हा अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं खालीवर करत राहा. उतरवून कोमट झाल्यावर दोन चमचे पिठीसाखर. आणि मग एक पायरी, जी दुकानात कुणी करत नाही: सगळं भडंग रव्याच्या चाळणीतून हलवून घ्या. खाली लाल भुकटी पडेल, दोन-तीन चमचे तरी. हीच भुकटी पत्त्यांवर जाणार होती. फेकू नका, गिरमिटात घालायची आहे.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की वातड झालंच म्हणून समजा. सकाळी करून ठेवलं तरी चालतं. संध्याकाळी प्रत्येकाला वेगळी वाटी आणि लहान चमचा. एकाच परातीत सगळ्यांचे हात, ही पद्धत गप्पांना चांगली, पत्त्यांना वाईट. सुरुवातीला लोक हसतात. आमच्या शेजारच्या अक्कांनी चमचा बघून विचारलंच, "भडंग काय, पायसम आहे होय हे?" मग त्यांनीच रमी खेळताना तो चमचा सोडला नाही. कागदाच्या पुड्या करायच्या असतील तर कोऱ्या कागदाच्या करा, वर्तमानपत्राची शाई खाण्याला लागते.

जैन मित्रांसाठी हेच सगळं, फक्त लसणाच्या जागी पाव चमचा हिंग. ते आधी करायचं, म्हणजे कढई एकदाच धुवावी लागते.

काजूचं काम पाच मिनिटांचं. खानापूर-चंदगडकडचे काजू मिळाले तर तेच घ्या. पाव किलोला एक चमचा तूप, मंद आचेवर बदामी रंग येईपर्यंत, मग मीठ आणि जाडसर मिरपूड. कागदावर पसरले की तूप टिपलं जातं.

काय प्यायचं

पावसाळ्यात पहिला मान चहाला. लोक आले, ओल्या छत्र्या बाहेर लागल्या, की लगेच एक फेरी, पण डबा उघडायच्या आधी. सहा जणांना दोन वेळच्या चहाला लिटरभर दूध पुरतं. दुसरी फेरी सुटीत. रात्री नऊनंतर कॉफी मागणारे असतात, त्यांना द्या, पण घरी जाऊन झोप लागली नाही तर माझ्याकडे बोट दाखवू नका.

खेळताना प्यायला ताक. अर्धा किलो दही, लिटरभर पाणी, कोथिंबीर-मिरचीचं वाटण, जिरेपूड, मीठ. आलं घालायचं ते अर्ध्याच ताकात. वाटण सकाळीच करून ठेवा, कारण पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि मिक्सर नेमका तेव्हाच हवा असतो. ताकाचा डाग फारसा दिसत नाही, पण वास राहतो. तेव्हा सांडू नका म्हणजे नकाच.

कोकम मी सोडलेलं नाही, फक्त त्याची वेळ बदलली. ते सुटीत, जेव्हा पट झाकलेला असतो. बाजारात दोन प्रकार मिळतात, त्यांत गफलत करू नका. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, त्यात चार-पाच पट पाणी घातलं की सरबत तयार. आगळ म्हणजे खारवलेला रस. त्याचं सरबत करायचं तर पेल्याला दोन चमचे आगळ, तीन चमचे साखर, जिरेपूड, आणि चाखल्याशिवाय मीठ अजिबात नाही. आगळाची सोलकढीही छान होते, पण ती संध्याकाळी करून संध्याकाळीच संपवायची. बर्फ मी जुलैत घालत नाही. थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटतं आणि ते हाताबरोबर पत्त्यांवर येतं.

सुटी: गिरमिट आणि मिरची भजी

गरम, ओलं, चिकट, तेलकट, म्हणजे ज्याची सगळ्यांना खरी ओढ असते ते सगळं, सुटीसाठी राखून ठेवा. पाऊण तासाची सुटी, खेळ अर्धवट असेल तर पटावर स्वच्छ चादर, आणि खाणं दुसऱ्या खोलीत. दुसरी खोली नसेल तर जमिनीवर चटई टाकून. पण टेबल तेच नको.

धारवाड-हुबळीकडून आलेलं गिरमिट आता आपल्याकडेही घरोघरी होतं. त्याचं गोज्जू दुपारी करून ठेवता येतं. दोन चमचे तेलात मोहरी-जिरं, कढीलिंब, दोन हिरव्या मिरच्या, दोन कांदे बारीक चिरून मऊ होईपर्यंत. मग हळद, दोन टोमॅटो, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ. तेल सुटेपर्यंत आटवा, पळीवाढं नको, चमच्यावर थांबेल इतकं घट्ट हवं. सकाळची लाल भुकटी इथे घाला.

कालवायचं मात्र अगदी शेवटी. दीडशे ग्रॅम चिरमुरे, गोज्जू, अर्धी वाटी डाळं मिक्सरमधून काढून केलेलं पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर, वर शेव. कालवल्यापासून दहा मिनिटांत ते मऊ पडायला लागतं. म्हणून दोन वेळा, तीन-तीन जणांचं कालवा. डाळ्याचं पीठ गोज्जूतला ओलावा ओढून घेतं, ते विसरलात तर चिरमुऱ्यांचा लगदा होतो.

भज्यांना लांब, फिकट हिरव्या, कमी तिखट मिरच्या, माणशी दोन. चीर पाडून आत ओवा, मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ बोटानं फासा. बाराएक मिरच्यांना पाव किलो बेसन, मीठ, चिमूटभर सोडा आणि शेवटी दोन चमचे कडकडीत तेल. पीठ मिरचीवर जाड बसायला हवं, बोटावरून भराभर ओघळलं तर पातळ झालं. थेंब टाकून बघा: लगेच वर आला तर तेल तयार, तळाशी बसला तर थांबा, काळा पडला तर गॅस कमी करा. तळणाऱ्यानं सुटीच्या दहा मिनिटं आधी उठायचं, आणि त्याची पाळी तेवढी वगळायची असं आधीच ठरवायचं. नाहीतर एकीकडे भजी करपतात आणि दुसरीकडे कुणीतरी त्याची गहू-मेंढ्यांची देवाणघेवाण परस्पर उरकतं.

गोडाचं एवढंच: दुधाचा कुंदा वाटीत, चमच्यानं, सुटीतच. गोकाकचं करदंट सुरीला तूप लावून इंचाचे तुकडे करा आणि टूथपिक टोचून ठेवा. त्यातला गूळ आणि डिंक हाताच्या उबेनं पाघळतो, म्हणून खेळताना नको. आणि मांडे कुणी लग्नघरातून आणले असतील तर ते पट आवरल्यावर काढा. पिठीसाखरेचा तो पापुद्रा एकदा मोडला की साखर डब्याच्या फटीत जाते. खेळ चालू असेपर्यंत मांडे मनातलेच बरे.

सुटी संपली की सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. यजमानानंही.

सांडलंच तर

आधी पत्ते उचला, मग पेला. आपण नेमकं उलटं करतो. पत्ते पुसायचे नाहीत, पुसलं की डाग पसरतो. सुती फडक्यानं वरून दाबून टिपायचे. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये एकेक पत्ता, वर जड पाट, रात्रभर. केस वाळवायचं यंत्र लावलंत तर पत्ता वाकतो, तोही ओळखू येणाराच. पट टिपून पंख्याखाली उभा करा. कॅरमबोर्डावर पाणी पडलं तर ताबडतोब कोरडा करा, प्लायवूड फुगलं की सोंगटी तिथे कायमची वळण घेते. आणि ज्याचा डबा आहे त्याला तेव्हाच सांगा. मी दोन दिवसांनी सांगितलं होतं, म्हणून तो डबा आता माझ्या घरी आहे आणि त्याच्या घरी मी घेऊन दिलेला नवा.

आवरताना

कितीही उशीर झाला तरी डबा बंद करण्याआधी पट उलटा धरून टाचेनं हलकं ठोका, खोक्याचे कोपरे कोरड्या रंगकामाच्या ब्रशनं झाडा. शेवेचा एक तुकडा आत राहिला तर सकाळी मुंग्यांची रांग कपाटापर्यंत असते. पत्ते मोजून ठेवा. आमचे १०९ भरतात आणि गुलाबी कडेचा तो एक वेगळ्या पाकिटात असतो. परवा मोजताना १०८ भरले. हिरव्या डब्याचा एक पत्ता कमी. शेवटी भडंगाच्या रिकाम्या वाटीखाली सापडला, तेलाचा ठिपकाही नव्हता.